गाव आणि शाळा यांतील अंतर मिटविणारे कर्मवीर भाऊराव पाटील

सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या आयुष्यातील हिशेबाचा क्षण असतो. पन्नास वर्षांत जमा काय झाले, खर्ची काय पडले आणि शिल्लक काय उरली, हे शांतपणे पाहण्याचा तो दिवस. दरवर्षी दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा मंगल प्रसंगी, आपल्या समाजात जन्मलेल्या परंतु केवळ आपल्या समाजाचे न राहिलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. ते पुरुष म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक, पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांना 'अण्णा' म्हटले आणि महाराष्ट्रानेही तेच नाव स्वीकारले.

अण्णांचा त्याग, त्यांची पांढरी दाढी, हातातील काठी, अंगावरील खादी आणि अनवाणी पाय यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांच्या कार्याची एक बाजू आम्हा हिंगोली जिल्ह्यातील लोकांना अधिक जवळची वाटावी अशी आहे. शाळा, दवाखाना, बाजार, कचेरी या सोयी कोठे असतात, कोणापासून दूर असतात आणि त्या दुराव्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न अण्णांनी आयुष्यभर सोडविला. ग्रंथांत न अडकता त्यांनी तो पायांनी चालून आणि हातांनी उभारून सोडविला.

सोयींची वस्ती कोठे असते?

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे त्याचे पाच तालुके. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या वर असून दर शंभर माणसांतील सुमारे पंच्याऐंशी खेड्यात राहतात. जिल्हा होण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा परिषदेत काम निघाले की परभणी गाठावी लागे. जिल्हा झाल्यावर कचेऱ्या हिंगोलीत आल्या, २००८मध्ये पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाला आणि २०२४मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. या साऱ्याचा आनंद आहेच. परंतु बारकाईने पाहिले तर या सर्व सोयी मुख्यालयाच्या गावात आल्या. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील टोकाच्या गावाला परभणीऐवजी हिंगोली जवळ झाली, एवढेच. अंतर कमी झाले, संपले नाही.

हे असे का होते, ते कापडाच्या धंद्यातील माणसाला चटकन कळते. लहानशा गावात किराणा दुकान, पिठाची गिरणी आणि फार तर एखादा शिंपी टिकतो. आठवडी बाजाराच्या गावी बाजाराच्या दिवसापुरते कापडाचे पाल लागते. लग्नाच्या बस्त्याचे दुकान मात्र तालुक्याला किंवा जिल्ह्यालाच चालते, आणि त्या दुकानदाराला ठोक खरेदीसाठी इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी किंवा सुरत गाठावी लागते. मीठ-मिरचीचे गिऱ्हाईक रोज येते, म्हणून थोडी घरेही पुरतात. बस्ता घरात चार-सहा वर्षांतून एकदा निघतो, म्हणून त्या दुकानाला पंचवीस-पन्नास गावे लागतात. वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलशास्त्रज्ञाने १९३३ साली दक्षिण जर्मनीतील गावांचा अभ्यास करून हाच विचार शास्त्रीय रीतीने मांडला. प्रत्येक सेवेला टिकण्यापुरते किमान गिऱ्हाईक हवे आणि त्या सेवेसाठी माणूस काही ठरावीक अंतरापर्यंतच जातो, या दोन गोष्टींवरून लहान गावे, बाजारगावे आणि शहरे यांची उतरंड तयार होते, असा त्याचा सिद्धान्त होता.

दुकानाच्या बाबतीत हा नियम मान्य करण्यास हरकत नाही. साडी वर्षभराने घेतली तरी चालते. परंतु शाळेच्या बाबतीत हाच नियम लावला, तर ज्या गावात मुले थोडी, त्या गावातील मूल निरक्षर राहणार, असा त्याचा अर्थ होतो. लहान गावात जन्मलेल्या मुलाची बुद्धी काही लहान नसते. बाजाराचा हा नियम विद्येला लागू होऊ द्यायचा नाही, हेच अण्णांचे जीवनकार्य होते असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

बालपण आणि कोल्हापूरचे दिवस

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे आजोळी झाला. घराणे दिगंबर जैन. मूळ गाव सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील इंग्रज सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते आणि आई गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण विटे, दहिवडी यांसारख्या गावांत गेले. प्राथमिक शिक्षण जेथे वडिलांची बदली तेथे झाले. पुढील शिक्षणासाठी मात्र कोल्हापूर गाठावे लागले. सरकारी नोकराच्या मुलाला ते जमले. त्याच गावांतील कुणब्याच्या, मांगाच्या किंवा रामोश्याच्या मुलाला ते जमत नव्हते.

कोल्हापुरात ते राजाराम हायस्कूलमध्ये शिकत आणि जैन बोर्डिंगमध्ये राहत. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली झाली होती आणि बाहेरगावच्या जैन मुलांना शहरात राहून शिकता यावे, ही त्या काळच्या आपल्या समाजधुरीणांची दूरदृष्टी होती. अण्णांनी वसतिगृहाचा उपयोग प्रथम तेथेच अनुभवला, ही गोष्ट आपल्या समाजाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

मात्र चरित्र सांगताना अवघड गोष्ट वगळू नये. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याविना भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू छत्रपतींच्या सहवासात त्यांना आधार मिळाला. मॅट्रिकपर्यंतही शिक्षण पूर्ण झाले नाही. पण वसतिगृह कोणासाठी असावे, याचा धडा मात्र पक्का झाला. जे दार एका जातीसाठी उघडते आणि दुसऱ्या जातीसाठी बंद होते, ते अंतर कमी करीत नाही, केवळ त्याची जागा बदलते.

१९१४च्या सुमारास कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात आपल्या समाजातील विद्वान नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांनी तुरुंगवास व छळ सोसला, पण खोटे बोलले नाहीत. सत्यव्रताचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

नांगर विकणारा विक्रेता

संसारासाठी भाऊरावांनी अनेक उद्योग केले. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. पुढे ओगले यांच्या काच कारखान्याच्या मालाचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे ते विक्रेते झाले. सातारचे उद्योजक धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता; मतभेद झाल्यावर तेथून ते बाहेर पडले.

चरित्रकार या काळाकडे उमेदवारीचा काळ म्हणून पाहतात. व्यापाऱ्याच्या नजरेला तो अण्णांच्या शिक्षणाचा खरा काळ वाटतो. लोखंडी नांगर हा दुकानात मांडून विकण्याचा माल नव्हता. लाकडी नांगरावर विश्वास असलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, नांगर चालवून दाखवून तो विकावा लागे. फिरत्या विक्रेत्याला कोणत्या गावाला रस्ता आहे, कोणत्या गावाचा बाजार कोणत्या वारी, कोणाकडे रोख आहे आणि कोण सावकाराच्या वहीत अडकला आहे, हे सारे ठाऊक होते. भाऊराव या गावांत वर्षानुवर्षे फिरले. कारखान्याचा नांगर खेड्यात पोहोचू शकतो, कंदील पोहोचू शकतो, पण शाळा पोहोचत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. माल पोहोचविण्याची जी रीत त्यांच्या अंगवळणी पडली होती, तीच त्यांनी पुढे विद्येसाठी वापरली. गिऱ्हाईक येईल म्हणून गादीवर बसून राहायचे नाही. गिऱ्हाईक असेल तेथे आपण जायचे.

पहिला उपाय : मुलाला शाळेपाशी आणणे

नोकरी करीत असतानाच १९१०च्या सुमारास सांगलीजवळच्या दुधगाव येथे सहकाऱ्यांसह त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहाचा प्रयोग केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचा जन्म शहरात न होता खेड्यात झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले.

हायस्कूल साताऱ्यात होते, मुले डोंगरात आणि नदीकाठच्या खेड्यांत होती. एका खेड्यात हायस्कुलास योग्य अशी पाच मुले आहेत असे समजा. पाच मुलांसाठी कोणी हायस्कूल काढणार नाही. परंतु अशा वीस गावांतील शंभर मुले एकत्र केली, की त्यांच्यासाठी एक वसतिगृह सहज चालते आणि शहरातील आयते हायस्कूल त्यांना मिळते. इमारत, प्रयोगशाळा, शिक्षक यांचा खर्च न करता खेड्याला हायस्कूल मिळवून देण्याची ही युक्ती होती. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या हिशेबाला दाद दिल्यावाचून राहणार नाही.

साताऱ्याच्या धनिणीच्या बागेतील या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. १९३२ साली पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू झाले. मुलांनी शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात श्रम करायचे आणि त्यावर आपले शिक्षण करायचे, ही 'कमवा आणि शिका' योजना या वसतिगृहांचा कणा होती.

या कार्यामागे एक नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहिले पाहिजे, ते लक्ष्मीबाईंचे. संस्थेतील मुले त्यांना 'वहिनी' म्हणत. सणासुदीला कोठीत धान्य नसे तेव्हा त्यांनी एकेक करून दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. कर्मठ संस्कारांत वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. १९३० साली त्यांचे निधन झाले. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्याकडे श्रेष्ठ मानली आहेत. उपाशी मुलाला जेवू घालणे, आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा करणे, त्याला विद्या देणे आणि जातीच्या अपमानापासून निर्भय करणे ही चारही दाने त्या एका वसतिगृहात एकत्र आली होती.

दुसरा उपाय : शाळेला मुलापाशी नेणे

वसतिगृह हायस्कुलाच्या मुलासाठी ठीक. पण सहा-सात वर्षांच्या बालकाला आईपासून तोडून साताऱ्यास आणता येत नाही. प्राथमिक शाळा त्याच्या गावातच हवी. १९३७ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि शाळा नसलेल्या खेड्यांत खासगी संस्थांनी अनुदानावर शाळा चालवाव्यात, या धोरणाला गती मिळाली. अण्णांनी ही संधी साधली. जेथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती, अशा डोंगरकपारींतील वाड्यावस्त्यांवर त्यांनी 'व्हॉलंटरी' शाळा काढल्या. देऊळ, धर्मशाळा, चावडी, कोणाचा ओटा किंवा गोठा, जी जागा मिळेल ती शाळा झाली. अशा शाळांची संख्या दहा-बारा वर्षांत पाचशेच्या वर गेली आणि पुढे त्या शासनाच्या शाळा मंडळाकडे सोपविण्यात आल्या.

येथे अण्णांचा व्यवहारीपणा दिसतो. हायस्कुलासाठी मुलाला शहरात आणायचे आणि प्राथमिक शिक्षणासाठी शाळा गावात न्यायची, असे दोन वेगळे उपाय त्यांनी दोन वेगळ्या वयांसाठी योजले. सर्व सोयी प्रत्येक गावात नेणे कोणालाच शक्य नसते. कोणती सोय गावात हवी आणि कोणत्या सोयीपर्यंत माणसाला नेऊन पोहोचविले तरी चालेल, याची निवड करता येणे हीच नियोजनाची खरी कसोटी होय.

तिसरा उपाय : गावात राहणारा शिक्षक

शाळेला इमारत नसली तरी चालते, शिक्षक नसला तर चालत नाही. शहरात वाढलेला शिक्षक रस्ता नसलेल्या गावात राहण्यास तयार नसतो, ही तक्रार शंभर वर्षांपूर्वीही होती. यावर अण्णांनी शिक्षकच खेड्यातून घडविण्याचा उपाय केला. १९३५ साली साताऱ्यास ग्रामीण शाळांसाठी शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. वसतिगृहात वाढलेला मुलगा शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात गेला, की त्याला तेथील अंधार, चिखल आणि भाकरी नवी नसे. मुलगा, शिक्षक आणि पुन्हा नवा मुलगा अशी ही साखळी होती.

यानंतर संस्थेने वरच्या पायऱ्या बांधल्या. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. शाहू, सयाजीराव, गाडगे महाराज ही नावे पाहिली की अण्णांनी कोणाकोणाचे ऋण मानले, ते कळते. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाची पारंबी जमिनीला टेकते आणि स्वतःच खोड होऊन उभी राहते. संस्थेच्या शाखांचा विस्तारही तसाच झाला.

अनुदान थांबले तेव्हा

महात्मा गांधींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात झालेल्या जाळपोळीच्या वेळी अण्णांनी सरकारवर उघड टीका केली. परिणामी मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांची शिक्षणे टांगणीस लागली. अशा वेळी माघार घेणे सोपे होते. अण्णा गावोगाव फिरले. ज्यांच्या मुलांना शाळा मिळाली होती, त्या गावांनी धान्य, पैसा आणि श्रम दिले. शिक्षकांनी अपुऱ्या पगारावर काम चालू ठेवले. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्पही त्यांनी याच कठीण काळात केला. पुढे अनुदान पूर्ववत सुरू झाले आणि त्यांच्या हयातीतच संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभराच्या वर गेली.

संस्था टिकण्याचे मर्म येथे आहे. अण्णांनी गावाला शाळा फुकट दिली नाही. जागा गावाने द्यायची, भिंत गावाने घालायची, मूठभर धान्य घराघरांतून निघायचे, मुलाने श्रम करायचे. त्यामुळे शाळा गावाची झाली. ज्या संस्थेत गावाचे भांडवल असते, ती संस्था गाव बुडू देत नाही.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट्. देऊन गौरविले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. आज रयत शिक्षण संस्थेची चारशेहून अधिक माध्यमिक विद्यालये आणि चाळीसच्या वर महाविद्यालये आहेत. स्वतः मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या हातून हे घडले.

हा वृक्ष आपल्याकडे का पोहोचला नाही?

सुज्ञ वाचकांच्या मनात येथे प्रश्न येईल. अण्णांच्या हयातीतील बहुतेक काम सातारा, सांगली, पुणे, सोलापूर, नगर या पट्ट्यात झाले. मग हिंगोलीचे काय? उत्तर इतिहासात आहे. अण्णा काले येथे संस्था स्थापन करीत होते, तेव्हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे खासगी शाळेला सरकारी परवानगी लागे आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ त्याच भाषेचे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांसारखे दिवे येथेही लागले आणि स्वामी रामानंद तीर्थांसारख्या कर्मयोग्याने ते जपले. परंतु गावोगाव शाळांचे जाळे विणण्यास मोकळीक नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. अण्णा आणि हिंगोली एका राज्यात नांदले ते जेमतेम अडीच वर्षे. सातारा जिल्ह्यातील खेड्याला जी शाळा १९३८मध्ये मिळाली, तशी शाळा येण्यास आपल्याकडील अनेक खेड्यांना पुढे फार वर्षे वाट पाहावी लागली. एका पिढीचे हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. पण नोकऱ्या, उद्योग आणि दवाखाने यांच्या नकाशावर ते अजूनही दिसते. कारण शिकलेल्या पहिल्या पिढीमागोमागच पतपेढी, कारखाना आणि डॉक्टर गावात येतात.

आजचा प्रश्न

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २००९च्या बालशिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण हक्काचे केले आणि महाराष्ट्रात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास मिळतो, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या धावतात. परंतु नववीपासून पुढे या कायद्यातील अंतराचा नियम लागू होत नाही. नेमक्या त्याच वयात मुलीला गावाबाहेर पाठविण्यास घरचे कचरतात. शेवटची बस चुकली तर काय, या एका भीतीने किती मुलींची पाटी फुटली असेल, याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

दुसरा प्रश्न लहान शाळांचा. वीसपेक्षा कमी पट असलेल्या चौदा हजारांहून अधिक शाळा राज्यात असल्याचे सांगितले गेले आणि २०२३ साली अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. दहा मुलांच्या शाळेत मुलाला सोबती, खेळ आणि विषयाचा शिक्षक मिळत नाही, हे खरे. आणि शाळा पाच किलोमीटर दूर गेली की सर्वांत गरीब घरचे मूल प्रथम गळते, हेही खरे. अण्णांच्या चरित्रातून या वादाला एक सरळ उत्तर निघते. लहान बालकांची शाळा गावातून हलवू नये. आणि मोठ्या मुलांची शाळा दूर न्यायची असेल, तर जाण्यायेण्याची किंवा राहण्याची सोय आधी उभी करावी, शाळा मागाहून हलवावी. हा क्रम उलटा झाला की बचत सरकारच्या खाती पडते आणि तोटा मुलाच्या.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. आपल्या समाजातील अनेक घराणी एकेकाळी खेड्यांत दुकाने मांडून होती. आठवडी बाजार करीत, उधारीवर बी-बियाणे आणि कापड देत त्यांनी खेड्यांची सेवा केली आणि खेड्यांनी त्यांना जगविले. मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, व्यापारासाठी ही घराणी तालुक्याला, मग हिंगोलीला आणि काही नांदेड-पुण्याला गेली. यात गैर काही नाही. सोयी जेथे, तेथे माणूस जातो. पण आपण निघून आलो तरी ज्यांना निघता आले नाही, त्यांची मुले त्या अंतराच्या पलीकडच्या टोकाला अजून उभी आहेत. आपल्याला हे अंतर ओलांडता आले, कारण आपल्यापाशी शहरात एखादा नातेवाईक होता, धर्मशाळा होती, बोर्डिंग होते. ज्याच्यापाशी यांतील काहीच नाही, त्याच्यासाठी ते उभे करणे हीच अण्णांची शिकवण होय.

ट्रस्टने पन्नास वर्षांत समाजाचा विश्वास मिळविला आहे. पुढील पन्नास वर्षांच्या वहीचे पहिले पान आता उघडत आहे. त्या पानावर हिंगोलीत शिकण्यास येणाऱ्या खेड्यांतील मुलींसाठी, जात न विचारता, राहण्या-जेवण्याच्या काही जागा लिहिल्या गेल्या, तर दहा-वीस जागांनीही प्रारंभ होऊ शकेल. दुधगावचा प्रारंभही मोठा नव्हता. अशा कामाला लागणारे भांडवल कोणा एका श्रीमंताच्या तिजोरीत नसते, ते घराघरांतील मूठभर धान्यात असते, हे अण्णांनी सिद्ध करून दाखविले आहे.

बोर्डिंगचे दार ज्यांच्यासाठी एकदा बंद झाले आणि ज्यांनी त्यानंतर हजारो मुलांसाठी दारे उघडली, त्या कर्मवीर भाऊराव अण्णांच्या आणि लक्ष्मीबाई वहिनींच्या पावन स्मृतीस सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विनम्र अभिवादन.